नानकीवरचं नाव

फाटा मागे पडून बराच वेळ झाला होता. बिजलीबाईच्या हातातली पिशवी सुचित्राने दोनदा मागून पाहिली, दोन्ही वेळा बिजलीबाईने ती नुसती या हातातून त्या हातात घेतली. पिशवी जड नव्हती. तिच्यात जीवनचा मोबाईल होता, कमरेचा पट्टा होता, पाकीट होतं आणि मोटरसायकलची किल्ली होती. सकाळी हे सगळं जीवनच्या अंगावर होतं. दुपारी कोर्टाच्या व्हरांड्यात शिपायाने ते काढून त्याच्या आईच्या हातात दिलं आणि तो जीवनला घेऊन गेला. मोटरसायकल दिग्रसला कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तशीच उभी राहिली. दोघींपैकी कोणालाच ती चालवता येत नव्हती.

ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग घातले होते आणि बांधावरचे पळस असे पेटले होते की आजच्या दिवशी त्यांच्याकडे पाहू नये असं वाटत होतं.

मागून ऑटो आला, पुढे जाऊन थांबला. तांड्यातलाच घनश्याम होता. त्याने मान बाहेर काढली.

"बिजलीकाकी, बसा नं! रिकामाच चाललो मी. मास्तरीनबाईले कायले पायी चालवून राह्यली?"

"तू जाय बाप्पा. आमाले घाई नाई."

"पैसे नाई मागत व तुले."

"पैशाचं कोन म्हनते? तुह्या आटोतून उतरलं का हाडं मोजून घ्या लागतात."

घनश्याम हसला. मग त्याची नजर पिशवीवर गेली. पिशवीच्या तोंडातून पट्ट्याचं पितळी बक्कल दिसत होतं. त्याचं हसू तिथंच राहिलं.

"जीवनभाऊ?"

बिजलीबाईने रस्त्याकडे पाहिलं. "जाय तू," ती म्हणाली. "अन् ऐक, तांड्यात जाऊन कोनापाशी तोंड उघडू नोको. नाईकापाशी तं अजिबात नाई. मी येऊन राह्यली नं, मीच सांगते."

ऑटो निघून गेला, धूळ बसली, आणि मग सुचित्राच्या ध्यानात आलं की बिजलीबाई थकून हळू चालत नाहीये. तिला बिजलीबाईची चाल माहीत होती. तांड्याहून दिग्रसच्या बाजाराला डोक्यावर टोपलं घेऊन ही बाई निघाली की सोबत चालणाऱ्याला पळावं लागायचं. आज ती अशी चालत होती, जणू रस्ता संपू नये. फाट्यावर उतरल्यावर सुचित्राच म्हणाली होती, ऑटो पाहू या. तेव्हा बिजलीबाई म्हणाली होती, "पायीच चला मास्तरीनबाई. लवकर पोचून काय करू?" तेव्हा सुचित्राला ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

घरी उत्तमसिंग वाट पाहत होता.

उत्तमसिंग, बिजलीबाईचा नवरा, तांड्याचा नाईक. तांड्याची भांडणं, सोयरिकी, दंड, सगळं एके काळी त्याच्या ओट्यावर मिटायचं. आता तरुण पोरं ग्रामपंचायतीकडे आणि ठाण्याकडे जातात, पण हाक मात्र अजून नाईक म्हणूनच मारतात. साखरेच्या आजाराने त्याची दृष्टी गेली. दिवसभर तो ओट्यावरच्या खाटेवर बसून असतो आणि येणाऱ्याचं पाऊल ओळखतो. ही गेली तीन वर्षं कोर्टाच्या प्रत्येक तारखेला बिजलीबाई परत आली की त्याचा एकच प्रश्न असायचा.

"नाव वाचलं का?"

आणि बिजलीबाईचं एकच उत्तर असायचं, "पुढच्या तारखेले."

आज पुढची तारीख नव्हती.

सुचित्रा या तांड्याच्या शाळेवर शिक्षिका म्हणून आली तेव्हा तिचं लग्न नवीन होतं. सासरचं घर दिग्रसला; सासरे कचेरीत, नवरा श्रीकृष्ण तहसिलीत, घरात सगळी कागदाची माणसं. तांड्यावरच्या शाळेला एकच खोली होती. पहिल्या दिवशी ती कुलूप उघडत होती तर मागे एक बाई येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कांचळीवर आरशांचं भरतकाम, कमरेवर हात.

"किती दिवस टिकान?" बाईने विचारलं.

"म्हणजे?"

"मांगची मास्तरीन पोळ्याले आली अन् दिवाळीले गेली."

"मी टिकेन," सुचित्रा म्हणाली.

"मंग चला चहा प्याले. टिकनाऱ्यालेच पाजतो आमी."

ती बिजलीबाई. पुसदच्या पलीकडच्या तांड्यातून ती नाईकाच्या घरात सून म्हणून आली. शाळेचं पटावरचं प्रत्येक पोर ती घराघरांतून ओढून आणायची. "मले नाई येत थे यायले तं येऊ द्या," एवढंच कारण सांगायची. तिची बबिता शिकली, नर्स झाली, अमरावतीला गेली. जीवनला पुस्तकाचा कंटाळा, पण गाडी हातात दिली की तो शहाणा. एस. टी.त चालक म्हणून त्याची निवड झाली होती. ठाण्यातून चारित्र्याचा दाखला तेवढा यायचा बाकी होता.

त्या घरात देवाच्या फळीवर लमाणांच्या संत सेवाभायाचा फोटो, जगदंबेची मूर्ती, आणि दोघांच्या मध्ये लाल कापडावर नानकी.

नानकी म्हणजे लहानगी. ओंजळीत मावेल एवढं ते जुनं रिव्हॉल्व्हर होतं. खिशात ठेवायचं, म्हणून त्याचा चाप आत दुमडायचा. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पाच घरांचं फिरणारं चाक. सुचित्राने ते पहिल्यांदा पाहिलं ते दसऱ्याला. बाकी घरांत कोयते-विळे पुजतात, इथे नानकीपुढे नारळ फुटायचा. उत्तमसिंग तेव्हा डोळस होता. नानकी तळहातावर घेऊन त्याने सगळी हकीकत सांगितली होती, आणि पुढे दर दसऱ्याला सांगितली. ती कधी एका शब्दाने बदलली नाही.

त्याच्या आजोबांचे वडील बैलांचा तांडा घेऊन मीठ वाहायचे. एकदा ढाणकीच्या बाजूला रानात एक गोरा साहेब तापाने फणफणलेला सापडला. त्याची माणसं त्याला टाकून पळालेली. नाईकाने मिठाची गोणती तिथंच झाडाखाली ठेवली, साहेबाला खाटेवर घातलं आणि आळीपाळीने खांदा देत यवतमाळपर्यंत आणलं. साहेब जगला. जाताना त्याने खिशातली नानकी दिली, आणि मुठीच्या पाठच्या लोखंडी पट्टीवर स्वतःचं नाव कोरून दिलं. ते नाव नानकीपेक्षा मोठं ठरलं. पुढे लमाणांचा तांडा दिसला की शिपाई चोर म्हणून अडवायचे, सामान उपसायचे, बायकांना बसवून ठेवायचे. तेव्हा नाईक नानकी काढून ते नाव दाखवायचा, आणि तांडा सुटायचा.

"गोळी एक नाई झाडली कोनी," उत्तमसिंग सांगायचा. "नावानंच काम केलं. नाव दाखवलं का सोडून देत."

"काय नाव होतं साहेबाचं?" सुचित्राने विचारलं होतं.

"आमाले कोनाले वाचता येत होतं, बाई? लहानपनी म्या पाह्यलं, बारीक रेघा, मुंग्या चालल्यावानी."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नानकी घासायचा मान घरच्या सुनेचा. नव्या सुनेची ती पहिली परीक्षा. बिजलीबाईची सासू कडक होती. चिंचेचा कोळ आणि चुलीची राख पुढ्यात ठेवून ती म्हणाली होती, "काळं ठेवशीन तं घरात काळं येईन." बिजलीबाईने घासून घासून बोटांची सालं काढली. मग कोंबडीच्या पिसाने सांध्यांत तिळाचं तेल घातलं, चाक फिरवलं, घोडा मागे ओढून अलगद सोडला. सगळं लोण्यासारखं चाललं. सासरा म्हणाला, सून कसबी हाताची आहे. त्या दिवसापासून ते काम तिने कोणाला करू दिलं नाही. बबिताची सोयरीक ठरली त्या साली पाहुणे येणार म्हणून तिने गवंड्याकडून पॉलिशपेपर मागून आणला होता. त्या दसऱ्याला नानकीत तोंड दिसलं. उत्तमसिंग पाहुण्यांना म्हणाला, "बायकोनं कधी आरसा नाई मागतला मले. आता समजलं काहून."

सगळे हसले होते. सुचित्राही हसली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला उत्तमसिंगच्या पुतण्याने, बाबूसिंगने, पूजेचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला. वाईट काही नव्हतं त्याच्या मनात. घरचा मान चार लोकांनी पाहावा एवढंच. तो कुठून कुठे फिरला. चौथ्या दिवशी पोलिसांची जीप आली. हे कोणाचं, म्हणून विचारल्यावर खाटेवरून उत्तमसिंग उठायला लागला, आणि त्याच्याआधी जीवन म्हणाला, माझं. आंधळ्या बापाला कोठडीत कसा पाठवणार? ठाणेदारांनी दोघांकडे पाहिलं आणि जीवनचं नाव लिहिलं.

दाखला थांबला, नोकरी थांबली. जामिनावर सुटून जीवन दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवू लागला.

दिग्रसचे धम्मरत्न वकील भला माणूस. त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. जुन्यापान्या, निकामी हत्याराला कायद्यात सूट असते. पण दोन गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक, ते खरोखर जुन्या काळचं आहे. दुसरी, ते चालत नाही.

"जुनं तं हायेच," बिजलीबाई म्हणाली होती. "नाव हाय नं त्याच्यावर."

सुचित्राने मग सलीलला विचारलं. सलील श्रीकृष्णचा पुतण्या, पुण्याला असतो. जुन्या हत्यारांवर त्याचा अभ्यास आहे, वस्तुसंग्रहालयांतून त्याला बोलावतात. तो साक्षीला यायला तयार झाला. सुचित्रा केळापूरला जाऊन जगदंबेची ओटी भरून आली. प्रसादाची पुडी पर्समध्ये ठेवली होती. निकाल लागला की जीवनच्या हातावर ठेवायची, असं तिने मनाशी धरलं होतं. पुडी अजून पर्समध्येच होती.

सलीलची साक्ष झाली ती मागच्या तारखेला, आणि केस खरी त्याच दिवशी संपली. आज फक्त निकाल वाचला गेला.

त्या दिवशी नानकी टेबलावर आली तेव्हा बिजलीबाईने नकळत हात जोडले होते. सलीलने हातमोजा घातलेल्या हाताने ती उचलली, भिंगाखाली धरली. नळीचा वरचा भाग पाहिला, चाक फिरवून पाचही घरांच्या कडा पाहिल्या, मुठीची पाठ खिडकीच्या उजेडात तिरपी करकरून पाहिली. बराच वेळ पाहिलं. सुचित्राला वाटलं, इतका वेळ पाहतोय म्हणजे काहीतरी सापडलं.

"या घडणीची खिशातली रिव्हॉल्व्हरं दीडशे वर्षांपूर्वी युरोपात निघायला लागली," सलील म्हणाला. "चाप दुमडतो, ती त्याच काळातली तऱ्हा. माझ्या अंदाजाने हे तेव्हाचंच."

"अंदाजाने," सरकारी वकील म्हणाले. "साल सांगा."

"कारखान्याची खूण, तपासून पास केल्याची खूण, आकडा, या तीन गोष्टींवरून साल काढतात. त्या इथे नाहीत."

"नव्हत्या, की नाहीत?"

"होत्या. घासून गेल्या आहेत. मुठीच्या पाठीवर काहीतरी कोरलेलं असावं, तिथे पट्टी किंचित खोलगट झालीय. पण अक्षर एकही लागत नाही."

"या तऱ्हेच्या नकला पुढे किती वर्षं निघत होत्या?"

"बरीच वर्षं. आपल्याकडेही कारागीर करायचे."

"म्हणजे हे जुनंच आहे असं शपथेवर सांगता येत नाही."

"अंदाज शपथेवर सांगता येतो. साल नाही."

"बरं, किंमत तरी सांगा. एवढं देव्हाऱ्यात ठेवायचं रत्न आहे म्हणतात."

मागे कोणीतरी हसलं. सलीलने नानकी खाली ठेवली. "खुणा असत्या आणि मूळचं काळं-निळं पाणी राहिलं असतं, तर संग्रह करणाऱ्यांनी हवी ती किंमत दिली असती. त्यात त्या नावाचा माणूस कोण हे सापडलं असतं तर ते संग्रहालयातच गेलं असतं. आता याला किंमत नाही."

आणि मग सरकारी तपासणीचा अहवाल वाचला गेला. हल्ली मिळणाऱ्या मापाची गोळी त्यात बसली. चाक फिरलं, घोडा पडला, गोळी उडाली. यंत्र उत्तम तेलपाणी केलेल्या स्थितीत आहे, असं त्यात लिहिलं होतं.

बिजलीबाई सुचित्राच्या कानाशी लागून म्हणाली होती, "काय म्हनते थो? उत्तम म्हनते नं?"

सेवेत काही कमी पडलं म्हणून देव कोपला, असं कोणी म्हणालं असतं तर सुचित्राला ते समजलं असतं. इथे तर सेवेत कणभर कमी पडलं नव्हतं. तिने त्या रात्री देवापुढे बसून जप करायला घेतला आणि तो मध्येच सुटला.

आज दोन वर्षांची कैद सांगितली. धम्मरत्न वकील बाहेर येऊन म्हणाले, वर अपील करू, जामीनही मागू, पण त्याला जामीनदार लागतो, कागद लागतात, आणि आज शुक्रवार. "नोकरीचं मात्र आता धरून चालू नका," ते खाली पाहून म्हणाले. जाताना जीवन वळणावर मागे वळून आईला एवढंच म्हणाला, "याडी, बाले सांगू नोको लवकर."

रस्ता ओढ्यात उतरला. ओढ्याला पाणी नव्हतं, दगड नुसते. पलीकडच्या चढावर बिजलीबाई एका दगडावर बसली. सुचित्रा शेजारी बसली. पर्समधली पाण्याची बाटली पुढे केली. बिजलीबाईने दोन घोट घेतले, उरलेलं ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

"एक इचारू, मास्तरीनबाई?"

"विचारा."

"थो तुमचा सलील म्हने, काळं पानी असते त्याच्यावर. थे काळंच किंमतीचं असते म्हने."

"हो. लोखंड गंजू नये म्हणून तसं पाणी चढवतात."

"माही सासू म्हने काळं ठेवलं तं घरात काळं येते." ती हसली, पण ते हसू तोंडावर टिकलं नाही. "म्या काळं काढलं. पुरं काढलं. मांगं एक कन नाई ठेवला."

सुचित्राने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या रेघा मले दिसत होत्या, बाई. मुठीच्या मांगं. मी नवी होती तवा बऱ्याच होत्या. मले वाटे चरे पडले. वस्तू पडली असन कोनाच्या हातून, म्हून मी अजून घासू. नाव म्हनत होते सारे, पन नाव म्हंजे कसं दिसते थे मले कोठं माहीत? म्या समजलं, नाव मोठं असन. पाटीवर असते तसं." तिने घराच्या दिशेला पाहिलं. "अन् यायनं कधी म्हटलं नाई का हेच थे नाव हाय. यायले वाटे, मले माहीत असन."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"तेल बी मीच घातलं."

"बिजलीबाई..."

"नाई, आयका. नुसती फडताळात फेकून देली असती, गंजून दगड झाली असती, तं आज पोट्टा घरी असता. हो का नाई? तुमी खरं सांगा."

सुचित्राला शाळेतली पोरं आठवली. गणित चुकलं की ती तोंडाकडे अशीच पाहायची, आणि ती कधी चुकलेल्याला बरोबर म्हणाली नव्हती. आज म्हणावंसं वाटलं. शब्द ओठापर्यंत आले. पण तिला जमलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तर बहुतेक सुटला असता."

बिजलीबाईने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "तुमी खोटं नाई बोलत. म्हून तं तुमाले इचारलं. बाकीचे सारे म्हनतात, नशीब."

दोघी उठल्या. चढ चढून वर आल्यावर तांडा दिसला. पत्र्याच्या छपरांवर शेवटचं ऊन होतं, सेवाभायाच्या देवळावरचं पांढरं निशाण अजिबात हलत नव्हतं. शाळेची खोली, तिच्यापुढचा हापसा, आणि पहिल्याच ओळीतला नाईकाचा ओटा. ओट्यावर खाट. खाटेवर पांढरं पागोटं. इतक्या लांबूनही कळत होतं की पागोट्याचं तोंड रस्त्याकडेच आहे.

"सकाळपासून तसेच बसले असतीन," बिजलीबाई म्हणाली. "सकाळी निघताना जीवन पाया पडला तं म्हनाले, आज जज साहेब नाव वाचते, भेऊ नोको. वाचलं का सोडून देते."

"त्यांना अजून वाटतं की नाव आहे?"

"हायेच म्हनतात. डोळे गेल्यावर बी दर दसऱ्याले हातात घेत. पाठीवरून आंगठा फिरवत अन् म्हनत, हाय, हाय, अजून हाय. थे लाकडाच्या अन् लोखंडाच्या मधली फट हाय नं, थे लागे आंगठ्याले. मी काय बोलू? मले बी वाटे, असन." तिने पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने पिशवीचं तोंड झाकलं, बक्कल दिसू नये म्हणून. आंधळ्यापुढे बक्कल झाकणं तिलाच विचित्र वाटलं असावं. तिने हात काढून घेतला. "आता थो हात बी रिकामा झाला. नानकी देनार नाईत म्हने वापस."

"नाही देणार," सुचित्रा म्हणाली.

"डॉक्टर म्हने यायचं काई खरं नाई. पाय बी काळा पडून राह्यला. औंदाचा दसरा दिसते का नाई."

हापशाजवळ पोहोचल्यावर बिजलीबाई थांबली. इथून पुढे बोललेलं ओट्यावर ऐकू जातं. तिने सुचित्राचं मनगट धरलं. तिचा तळवा रखरखीत होता, राखेने आणि चिंचेने वर्षानुवर्षं घासलेला.

"मास्तरीनबाई, म्या तुमाले आजपावेतो काई मागतलं नाई."

"नाही मागितलं."

"माह्या बोलन्यावर थे भरोसा नाई ठेवनार. तीन वर्षं मी पुढची तारीख पुढची तारीख करून राह्यली, त्यायले माहा आवाज समजते. बाबूसिंगचं तं नावच नोको. पन तुमी तांड्याच्या मास्तरीन. तुमी कधी खोटं बोल्ल्या नाई हे त्यायनं सवता चार लोकायत सांगतलं हाय."

सुचित्राला पुढचं कळलं. तिने मनगट सोडवून घेतलं नाही.

ओट्यावरून हाक आली. "कोन हाय? बिजली? संगं कोन हाय?" आवाज थकलेला होता, पण त्यात घाई होती. "नाव वाचलं का?"

बिजलीबाईने ओट्याकडे पाहिलं, मग सुचित्राकडे. आवाज इतका खाली आणला की हापशातून ठिबकणारं पाणी त्यापेक्षा मोठं वाटत होतं.

"तुमी सांगा, वाचलं म्हना. जज साहेबानं सवता वाचलं, साऱ्या कोर्टात, मोठ्यानं. पोट्टा कागदासाठी थांबला, येईन म्हना." तिची बोटं मनगटावर आवळली. "अन् नाव काय होतं म्हनून इचारलं, तं इंग्रजी येते नं तुमाले, कोन्तंबी एक साहेबाचं चांगलं नाव सांगजा."